वाचनयंत्र केव्हा द्यावे?

परवाचीच गोष्ट. दिवाळीच्या सुटीत माझी बारा वर्षांची नात चंद्रपूरला आमच्या घरी आली होती. मी अंगणात वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. ती जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, मला ई-बुक रीडर हवा आहे, पण बाबा म्हणतात, तू अजून लहान आहेस."

तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, तेथेच होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही सारा जन्म शाळेत घालवलात. तुम्हीच सांगा, असले यंत्र मुलांच्या हाती कोणत्या वयात द्यावे?"

प्रश्न साधा होता, परंतु मला तत्काळ उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी त्याचा विचार करीत आहे. आणि तो करीत असताना माझ्या हातून पूर्वी घडलेली एक चूक मला पुनःपुन्हा आठवत आहे. ती मी सांगणारच आहे. तत्पूर्वी हे यंत्र म्हणजे काय, ते पाहू.

ई-बुक रीडरला आपण सोयीसाठी वाचनयंत्र म्हणू. ते दिसावयास लहानशा पाटीसारखे असते. त्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम. पण त्याच्या पोटात हजारो पुस्तके मावतात. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि तो सरळ आपल्या डोळ्यांवर येतो. वाचनयंत्राची रचना निराळी आहे. त्याच्या पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे व काळे कण तरंगत असतात. विजेच्या प्रभावाने कोठे पांढरे कण वर येतात, कोठे काळे. आणि त्यांतून अक्षरे उमटतात. उमटलेले अक्षर टिकवण्यास वीज लागत नाही. ती मुख्यतः पान उलटताना लागते. म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक आठवडे चालू शकते. कागदाप्रमाणेच ते दिवसाच्या उजेडात वाचता येते, आणि दृष्टी अधू असेल त्याला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते.

या कल्पनेचा उगम फार जुना नाही. १९७१ साली मायकेल हार्ट या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकलिखित करून संगणकावर ठेवला, आणि त्यातून पुढे 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हे विनामूल्य ग्रंथालय उभे राहिले. २००७ साली 'किंडल' हे वाचनयंत्र बाजारात आले. २०१६ च्या अखेरीस त्यावर मराठी पुस्तकेही मिळू लागली. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी मुक्त होते. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कोणालाही पैसे न देता वाचता येते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग विचार कसला करावयाचा? प्रत्येक मुलाला एकेक यंत्र द्यावे. परंतु विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. कित्येक सुज्ञ पालक म्हणतात की, पडद्याची सवय एकदा लागली की सुटत नाही. आज वाचनयंत्र मागणारा मुलगा उद्या खेळांचे यंत्र मागेल. कागदाच्या पुस्तकाला स्पर्श असतो, गंध असतो. किती वाचले आणि किती उरले हे बोटांनाच कळते. शिवाय यंत्र महाग, आणि मुलांचे हात चंचल.

ही भीती निराधार नाही. २०१० साली वर्ल्डरीडर या संस्थेने आफ्रिकेतील घाना देशात काही शाळांतील मुलांना वाचनयंत्रे दिली. मुलांना एरवी कधी न मिळालेली पुस्तके त्यांतून मिळाली आणि ती उत्साहाने वाचली गेली. परंतु यंत्रांचे पडदे मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक फुटले. पुस्तक खाली पडले तर उचलून घेता येते; यंत्र पडले तर त्यातील सारे ग्रंथालयच बंद होते.

असे असूनही 'मुले अजून तयार नाहीत' हे वाक्य मी आता सहज उच्चारू शकत नाही. त्याचे कारण सांगतो.

१९९५ च्या सुमारास मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. भोवती घनदाट अरण्य, आणि पावसाळ्यात नदी चढली की जगाशी संबंध तुटलेला. शाळेतील बहुतेक मुले माडिया होती. ती घरी माडिया बोलत आणि शाळेत मराठी शिकत. एके दिवशी शाळेला दोन पेट्या भरून गोष्टींची पुस्तके मिळाली. मी मोठ्या आनंदाने त्यांची नोंद केली, प्रत्येकावर क्रमांक घातला, ती काचेच्या दारांच्या लाकडी कपाटात ओळीने लावली, आणि कपाटाला कुलूप घातले.

सहावीतला एक मुलगा रोज त्या काचेला नाक लावून उभा राही. एकदा धीर करून त्याने विचारले, "गुरुजी, ते वाघाच्या चित्राचे पुस्तक मला देता?"

मी म्हणालो, "तुझे वाचन अजून अडखळते. नीट वाचता येऊ लागले की देईन."

हे उत्तर मला त्या वेळी अगदी शहाणपणाचे वाटले होते. पुढे पावसाळा लागला. मग दिवाळीची सुटी आली. सुटीनंतर मी कपाट उघडले, तो खालच्या दोन्ही फळ्यांना वाळवी लागलेली! वाघाच्या चित्राचे पुस्तक हाती घेतले. वरचे वेष्टन शाबूत होते. आत पानांच्या जागी माती होती. तो मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता. तो काही बोलला नाही. मीही काही बोलू शकलो नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली.

वाळवीने त्या पुस्तकाला वय विचारले नाही की इयत्ता विचारली नाही. विचारली ती मी. पोहता येऊ लागल्यावर पाण्यात उतर, असे जर कोणी म्हणाले तर आपण त्याला हसतो. परंतु वाचता येऊ लागल्यावर पुस्तक देईन, हे माझे म्हणणे त्याहून निराळे नव्हते.

तर मग हवे त्याला हवे तेव्हा यंत्र द्यावे काय? तसेही नाही. तयारी नावाची गोष्ट खरीच आहे; फक्त ती वाढदिवसावरून ठरत नाही. आमच्या भागातील खेड्यांत मुलाच्या हाती कुऱ्हाड केव्हा द्यावी, याचे वर्ष ठरलेले नसते. आधी मूल बापामागून रानात जाते, काटक्या गोळा करते, मोळी बांधते. बाप त्याचा हात पाहतो, त्याची नजर पाहतो. मग एके दिवशी स्वतः जवळ उभा राहून कुऱ्हाड त्याच्या हाती देतो. तो ती कुलपात ठेवून देत नाही, आणि हाती देऊन निघूनही जात नाही.

शाळेतही असेच चाले. आम्ही पाटीवर लिहीत असू. अक्षर स्थिर झाले की वही मिळे, त्यानंतर शाईचे पेन. बॉलपेन आले तेव्हा अक्षर बिघडेल म्हणून आमच्या गुरुजींनी त्यास कितीतरी दिवस शाळेत येऊ दिले नाही. आज तेच सर्वांच्या खिशात आहे. त्यामुळे सर्वांचीच अक्षरे बिघडली असे नाही. ज्याने आधी हात वळवला होता, त्याचे अक्षर बॉलपेननेही सुंदरच राहिले.

तेव्हा मुलाचे वय न विचारता, माझ्या मते, चार गोष्टी पाहाव्यात. पहिली ही की, हाती घेतलेले पुस्तक ते शेवटपर्यंत वाचते काय? ज्याला एक पुस्तक पुरे करता येत नाही, त्याच्यापुढे हजार पुस्तके ठेवली तर ते हजार पुस्तकांची पहिली पाने तेवढी वाचील. दुसरी ही की, वाचनालयातून आणलेले पुस्तक ते जसेच्या तसे आणि वेळेवर परत करते काय? तिसरी, हाक मारली असता ते पुस्तक मिटून उठते काय? आणि चौथी, वाचलेली गोष्ट ते कोणास सांगते काय? एकट्याने वाचून एकट्यानेच ठेवून दिलेली गोष्ट अर्धीच राहते.

या चार कसोट्यांना नवव्या वर्षी उतरणारी मुले मी पाहिली आहेत आणि चाळिसाव्या वर्षी न उतरणारी माणसेही पाहिली आहेत.

मुलांनो, आणखी एक गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवली पाहिजे. यंत्रावर विकत घेतलेले पुस्तक कागदाच्या पुस्तकाइतके तुमचे नसते. २००९ साली जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची दोन पुस्तके, ती ज्याने विकली त्याला विकण्याचा हक्क नव्हता म्हणून, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दूर बसल्या बसल्या पुसून टाकण्यात आली. पैसे परत मिळाले. पण पुस्तक गेले. तुमच्या कपाटातील पुस्तक असे कोणी रात्रीतून नेऊ शकत नाही. म्हणून जी पुस्तके जन्मभर जवळ असावीत असे वाटेल, ती कागदावरच घ्यावीत. आणि कागदाचा अभिमान आपल्याला असावयासच हवा. आपल्याच वनांतील बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात गेला आणि त्याचा कागद होऊन देशभर पोचला. कितीतरी मुलांच्या वह्यापुस्तकांत आपले अरण्य आहे.

पण जेथे कागद पोचत नाही, तेथे काय करावे? हाच माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे. शहरातील पालकाने 'आणखी दोन वर्षे थांब' म्हटले तर मुलाचे फारसे बिघडत नाही. कारण जवळच ग्रंथालय असते, पुस्तकांचे दुकान असते. भामरागडकडील एखाद्या पाड्यावरील मुलीला 'थांब' म्हणणे वेगळे आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, हे तेथील माणसांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. पुरात पुस्तके भिजतात, दमटपणाने बुरशी लागते, आणि वाळवी तर आमची जुनी शेजारीणच. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवर येऊ लागले, तेव्हा संपर्काची लहर न पोचणाऱ्या गावांतील मुले धड्यांवाचून राहिली. वाचनयंत्रात एकदा पुस्तके भरून घेतली की पुढे लहर असो वा नसो, ती वाचता येतात. वीज आठवड्यातून एखादे वेळी आली तरी पुरते. अशा गावी हे यंत्र चैनीची वस्तू नव्हे. जे ग्रंथालय आजवर आले नाही, ते त्याच्या रूपाने येऊ शकते.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली शाळा उघडली. तेथे आलेली कित्येक मुले आपल्या घराण्यातील अक्षर गिरवणारी पहिलीच मुले होती. ती शाळेसाठी 'तयार' होईपर्यंत जर थांबावयाचे ठरवले असते, तर ती शाळा आजही उघडली नसती. शाळेत येऊनच ती शाळेसाठी तयार झाली.

म्हणून मला वाटते की, वनातल्या प्रत्येक शाळेत अशी पाचसहा यंत्रे असावीत. त्यांत मराठी गोष्टी असाव्यात, आणि माडिया व गोंडी बोलींतील गोष्टीही असाव्यात. कारण आपल्या आईच्या बोलीत वाचावयास मिळाले की परकी अक्षरे लवकर आपली होतात. यंत्रे शाळेच्या मालकीची असावीत. मुलांनी ती पाळीपाळीने न्यावीत आणि परत आणावीत. एखादे मोडेल. ते मोडेल हे धरूनच चालावे. माझ्या कपाटातील एकही पुस्तक मुलांच्या हातून फाटले नव्हते. आणि तरीही ते वाचले नाही.

सुटीच्या अखेरीस मी मुलाला म्हणालो, "तिचे वय विचारू नकोस. या पंधरा दिवसांत तिने माझ्या कपाटातील तीन पुस्तके संपवली आणि आजीला त्यांतील गोष्टी सांगितल्या. जेवायला हाक मारली की तीही उठते, फक्त दुसऱ्या हाकेला. यंत्र घेऊन दे. पण पहिले काही दिवस तिच्याजवळ बसून तूही वाच."

नात आनंदाने निघाली. जाताना माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहून तिने विचारले, "आजोबा, तुमच्या या कपाटाला कुलूप कसे नाही?"

मी तिला त्या वाघाच्या चित्राच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली.