औषधाच्या बाटलींतील पोटखराबा

महसुली दप्तरांत ज्यांनीं कांहीं काळ घालविला आहे त्यांस, किंबहुना ज्यांच्या नांवावर दोन गुंठे जमीन आहे त्या सर्वांसच, पोटखराबा म्हणजे काय हें सांगावयास नको. सर्व्हे नंबरांतील जो भाग खडकाळ, ओढ्यानें खाल्लेला किंवा पिकास निरुपयोगी असतो तो सातबाऱ्यांत निराळा दाखवितात, व त्यावर आकार बसवीत नाहींत. जें पिकत नाहीं त्याचा सारा घेऊं नये, असा त्यांतील न्याय आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हाच न्याय फवारणीच्या औषधांस लावला जावा. पुष्कळ औषधांच्या बाटलींत असा पोटखराबा असतो; तो निराळा दाखविला जात नाहीं, आणि त्याचे पैसे मात्र शेतकरी भरतो.

हें कोडें उलगडण्यास रसायनशास्त्रांत थोडें शिरावें लागेल. वाचकांनीं कंटाळूं नये. कार्बनच्या एका अणूस चार निरनिराळे गट जोडले असतां त्यांची मांडणी दोन रीतींनीं होऊं शकते. या दोन मांडण्या उजव्या व डाव्या हातासारख्या असतात. घटक तेच, वजन तेंच. पण एक दुसरीवर ठेवली तर जुळत नाहीं. १८४८ सालीं लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक एकेक निवडून डावे व उजवे वेगळे केले, तेव्हां ही गोष्ट प्रथम उजेडांत आली. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेची आंबटाई. बांधावरची चिंच हें आम्ल करते तें एकाच हाताचें करते. सजीव सृष्टीचा बहुतेक कारभार असाच एकहाती आहे. किडीच्या शरीरांत ज्या जागीं औषध जाऊन बसावयाचें ती जागाही एकाच हाताची असल्यामुळें, डाव्या पायाचा जोडा उजव्या पायांत जाऊं नये तसा औषधाचा विरुद्ध प्रकार तेथें बसत नाहीं.

कारखान्यांत साध्या रीतीनें माल केला तर मात्र दोन्ही प्रकार सारखेच तयार होतात. सायपरमेथ्रिन हें औषध आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. त्याच्या रेणूंत अशीं तीन ठिकाणें असल्यामुळें एकंदर आठ प्रकार संभवतात, आणि किडीवर खरें काम करणारे त्यांत थोडे. दुकानांत अल्फा सायपरमेथ्रिन म्हणून जें मिळतें त्यांत त्या आठांपैकीं दोनच ठेवलेले असतात. लॅम्बडा सायहॅलोथ्रिनची गोष्ट अशाच जातीची आहे. हीं ग्रीक अक्षरें जाहिरातीच्या डौलासाठीं घातलेलीं नाहींत; निवडून काढलेल्या मालाची ती खूण आहे, हें सभासदांनीं ध्यानांत ठेवावें. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रांत मायकेल इलियट यांनीं १९७४ सालीं डेल्टामेथ्रिन सिद्ध केलें, तें तर आठांपैकीं एकच प्रकाराचें.

दोन्ही प्रकार करून मग निवडीत बसण्यापेक्षां हवा तोच प्रकार पहिल्यापासून करावा, या विचारांतून जें शास्त्र निघालें त्यास असममित उत्प्रेरण म्हणतात. सेंद्रिय संश्लेषणाची ही शाखा आहे. (येथें सेंद्रिय म्हणजे शेणखत नव्हे, कार्बनयुक्त पदार्थ जोडून तयार करण्याची ती विद्या.) उत्प्रेरक म्हणजे विरजण समजावें. चमचाभर विरजणानें हंडाभर दूध लागतें, तसा किंचित् उत्प्रेरक पुष्कळ माल घडवितो. असममित उत्प्रेरक याहून एक पाऊल पुढें जातो. जोडे करणाराजवळ उजव्या पायाचा लाकडी फर्मा असला म्हणजे त्यावर उजवेच जोडे निघतात, आणि फर्मा पुढच्या जोड्यास मोकळा राहतो. तसेंच हें होय. अमेरिकेंतील विल्यम नोल्स यांनीं या रीतीनें कंपवातावरील एल-डोपा हें औषध कारखान्यांत आणलें. आपल्या रानांतील खाजकुहिलीच्या बियांत तेंच द्रव्य आयतें असतें. बॅरी शार्पलेस यांनीं १९८० सालीं टिटॅनियम धातूच्या जोडीस टार्टारिक आम्लापासून केलेलें द्रव्य घेऊन आपला फर्मा बनविला, म्हणजे चिंचेंतील आम्लच अखेर कामास आलें. नोल्स, शार्पलेस व जपानचे नोयोरी यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें २०२१ सालीं धातूवांचून हेंच काम करणारे लिस्ट व मॅकमिलन यांसही तो मान मिळाला.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत बोलकें उदाहरण मेटोलाक्लोर या तणनाशकाचें आहे. स्वित्झर्लंडची सिबा-गायगी कंपनी तें १९७० नंतरच्या दशकांत चार प्रकारांच्या मिश्रणानें विकीत असे. १९८२ सालीं असें आढळलें कीं, तण मारण्याचें सुमारें पंचाण्णव टक्के काम त्यांतील दोनच प्रकार करतात. मग इरिडियम या दुर्मिळ धातूचा उत्प्रेरक शोधण्यांत पुष्कळ वर्षें गेलीं, आणि १९९६ सालीं नवा कारखाना चालूं झाला. माल शंभर टक्के शुद्ध निघतो असें नाहीं; तरी एकरीं मात्रा तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी झाली. एवढें विष जमिनींत पडावयाचें वांचलें, आणि पीक तितकेंच आलें.

आपल्या देशांत या विद्येची उणीव आहे असें कोणी समजूं नये. पुण्यास १९५० सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील रसायनज्ञांनीं हिमालयांतील चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनकडे लक्ष दिलें. त्या तेलांत कॅरीन नांवाचें द्रव्य असतें, व डेल्टामेथ्रिनसारख्या औषधास लागणारें तीन कार्बनांचें कडें झाडानें त्यांत योग्य हाताचें करून ठेवलेलें असतें. तें कडें तसेंच राखून पुढील भाग जोडण्याच्या रीती त्यांनीं बसविल्या. फर्मा करण्याचे श्रम झाडानेंच केले होते, तें ओळखण्यांत या मंडळींची दृष्टि दिसते. सरकारी पैशानें झालेलें असलें काम शोधनिबंधांतून रसायनज्ञांस कळतें. शेतकऱ्यास त्याची वार्ता आपल्या भाषेंत कोणी सांगत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

आतां आमच्या करंजाकडील गोष्ट. येथील खाचरांचें पाणी उघाडीवाटे खाडींत जातें, आणि त्याच खाडीवर कोळी बांधवांचें पोट आहे. सायपरमेथ्रिनच्या कुळींतील औषधें मासळीस व कोळंबीस फार घातक आहेत. निवडक औषध असलें म्हणून तें निरुपद्रवी झालें, असें कोणी मानूं नये. जो प्रकार किडीस मारतो तो मासळीसही मारतो. मात्रा उतरली म्हणजे खाडीवरचा भार थोडा हलका होतो, इतकाच त्याचा अर्थ. पाणी बांधांत कोंडून ठेवण्याची काळजी शेतकऱ्यानें घ्यावयाचीच आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतां करतां वीसच्या आसपास माणसें विषबाधेनें दगावलीं. तेथें दोष डाव्या-उजव्याचा नव्हता. परंतु फवारणाराच्या अंगावर जें उडतें त्यांतलें विनाकारण किती, हें विचारण्याचा त्यास हक्क आहे.

फवारणी टाळतां येईल तेथें टाळावी, आणि तेथेंही हेंच शास्त्र उपयोगी पडतें. नारळाच्या सोंड्या भुंग्यास गंधानें बोलावून बादलींत धरणारे सापळे आतां पुष्कळ बागांत दिसतात. त्या गंधद्रव्याचे चार प्रकार संभवतात. भुंगा स्वतः एकच करतो. कांहीं कीटक याबाबत फारच चोखंदळ असतात. जपानी भुंग्यावरील १९७७ सालच्या प्रयोगांत विरुद्ध प्रकार शेंकडा एक मिसळतांच नरांचें येणें घटलें. सबब गंधाची वडी घेतांना ती कोणत्या द्रव्याची व किती शुद्ध, हें विचारून घ्यावें. स्वस्त वडी सापळ्यांत टांगून भुंग्याची वाट पाहत बसण्यांत हंशील नाहीं.

बाटलीवर आज औषधाचें नांव व टक्के छापलेले असतात, विषाचा रंगीत त्रिकोणही असतो. मात्र त्या टक्क्यांत कामाचे किती, हें शेतकऱ्यास त्यावरून उमजत नाहीं. हॉलंड व स्वित्झर्लंड या देशांनीं कांहीं तणनाशकांच्या मिश्र मालाची नोंदणी रद्द करून निवडक मालच चालूं ठेवला आहे. आपल्याकडे एकदम तितकें होईल अशी आशा आम्ही धरीत नाहीं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांत एका ओळीची भर घालावी: एकंदर औषध इतकें, पैकीं कार्यकारी प्रकार इतका. ती ओळ मराठींत, त्रिकोणाशेजारीं, वाचतां येईल एवढ्या अक्षरांत असावी. तोंवर आपल्या संस्थेच्या खरेदी समितीनें दरपत्रकें मागवितांना ही माहिती लेखी मागावी, व जो व्यापारी ती देणार नाहीं त्याचें दरपत्रक बाजूस ठेवावें. खरिपाची मागणी वैशाखांतच नोंदवावी लागते, तेव्हां हा ठराव येत्या सभेपुढें यावा.