गिअरबॉक्स उघडण्याआधी

चिंचवडहून रोज चाकणला कामावर जाणारे माझे भाईजान मागच्या महिन्यात हैराण होते. तळेगाव चौकातल्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना जोरात धक्का द्यायची. एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच सांगितलं, "पूर्ण गिअरबॉक्स बदला." आकडा ऐकून भाभींचा चेहरा उतरला. तेवढे पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवले होते.

मग ओळखीच्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांनी पाना उचलण्याआधी विचारलं, "धक्का थंड गाडीला बसतो की तापल्यावर? कोणत्या गिअरला? चढावर जळका वास येतो का?" भाईजान म्हणाले, "तापल्यावर, पहिल्या-दुसऱ्याला. वासही येतो."

तिथेच अर्धं निदान झालं. गाडी एएमटी. म्हणजे गिअरबॉक्स साधाच; क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट झिजते. चाचांनी गाडी चालवून पाहिली, स्कॅनर लावला, मग प्लेट बदलून नव्या क्लचची जुळणी करून दिली. धक्का गेला, फीचे पैसे वाचले.

ऑटोमॅटिक म्हटली तरी प्रत्येक गाडी आतून वेगळी. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टसच घ्या: १.० लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, १.५ लिटरला ड्युअल क्लच. म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते आधी पुस्तिकेत पाहा.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत 'डी' टाकल्यावर गाडी उशिरा हलली, किंवा इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर आधी गिअर ऑइल तपासून घ्या. ते कमी असेल तर गळती शोधा. काळं पडून जळका वास येत असेल तर आत झीज झालेली असू शकते. ऑइल कंपनीने सांगितलेलंच घाला. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली तर आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या. कमजोर बॅटरी किंवा खराब सेन्सरही कारण असू शकतो. एएमटीत मात्र हलकासा झटका हा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे.

धक्का कधी, कोणत्या गिअरला, किती वेगाला बसतो ते चार दिवस वहीत लिहा. ती वही घेऊनच गॅरेजमध्ये जा. आणि जो मिस्त्री गाडी चालवून न पाहता गिअरबॉक्स बदलायला सांगेल, त्याला सलाम करून दुसरीकडे विचारा.