ऊसतोडीच्या वाटेवर हरवणारा बालदमा

दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुलेही सोबत असतात. कोपीतील चुलीचा धूर, फडातील धूळ, थंडी यांमुळे धाप लागली की जवळच्या दवाखान्यातून औषध आणले जाते. परंतु बालदम्याचे निदान एका भेटीत सहसा होत नाही. धाप व खोकला पुनःपुन्हा उद्भवणे ही त्याची प्रमुख खूण. गावोगावी नवा कागद निघतो आणि ती खूण हरवते. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने या विखुरलेल्या नोंदी जोडता येतात. मात्र दवाखान्याने संगणकावर नोंदच केली नाही, तर क्रमांक निरुपयोगी ठरतो. म्हणून धर्मग्रामांनी स्थलांतरापूर्वी पालकांना क्रमांक काढून द्यावा व जुने कागदही जपण्यास सांगावे. उत्तम मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो. वाटेवरील ही लेकरेही त्याचीच आहेत.