शीतकपाटातील न्यायनिवाडा

ऑलिव्ह तेलाची बाटली रात्रभर शीतकपाटात ठेवावी, सकाळी तेल गोठले तर ते अस्सल मानावे, आणि पातळच राहिले तर त्यात एखादे हलके तेल मिसळले आहे असा निकाल देऊन मोकळे व्हावे, ही कसोटी आता पुष्कळ सुशिक्षित घरांतही बिनतक्रार मान्य झाली आहे. आमचा तिच्यावर सरळ आक्षेप आहे. तेल केव्हा गोठावे हे फळाची जात, मेणाचा अंश आणि मेदाम्लांचे परस्परप्रमाण यांवर ठरते. आणि ही सर्व अस्सल तेलातही बदलती असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ऑलिव्ह केंद्राने २०१३ साली हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा साठ तासांनंतरही एकही नमुना गोठला नव्हता.

यावर रसिक म्हणतील की जीभ फसत नाही. तरबेज परीक्षकमंडळाला खवट किंवा आंबूस तेल तत्काळ ओळखता येते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शुद्धीकरणाने गंध आणि चव दोन्ही गमावलेले परके तेल बेताने मिसळल्यास जिभेपुढे साक्षीदारच उरत नाही. ओलेइक आम्लाच्या विपुलतेवर विसंबणाऱ्या पंडितांची गतही निराळी नाही, कारण हेझलनटचे तेल आणि सूर्यफुलाच्या खास वाणांचे तेल त्या बाबतीत ऑलिव्हच्या पंक्तीला सहज बसते.

मग पुरावा शोधावा कोठे? आमच्या मते तो तेलाच्या मुख्य द्रव्यात नसून अत्यल्प घटकांत आहे. प्रत्येक वनस्पतीच्या स्टेरॉलांची घडण वेगळी असते: रेपसीड ब्रासिकास्टेरॉलने उघडे पडते, म्हणून ऑलिव्ह तेलात त्याची मर्यादा एकूण स्टेरॉलांच्या ०.१ टक्का आहे. सूर्यफूल डेल्टा-७-स्टिग्मास्टेनॉलने, ज्याची मर्यादा ०.५ टक्का. लबाडांनी यावरही तोड काढली आणि परक्या तेलातील स्टेरॉलच कडक शुद्धीकरणाने घालविले. पण पाऊलखुणा झाडणाऱ्या चोराच्या झाडूचे फराटे मागे राहावेत, तसे त्या प्रक्रियेतच स्टिग्मास्टाडायीन उपजते, आणि अव्वल दर्जाच्या तेलात ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. हेझलनट मात्र थोड्या प्रमाणात मिसळले असता आजही परीक्षकांना घाम फोडते.

एवढा खटाटोप केवळ गिऱ्हाइकाच्या चार पैशांसाठी कशाला, असे म्हणणाऱ्यांनी १९८१चा स्पेन आठवावा. कारखान्यांच्या वापरासाठी अ‍ॅनिलीन घालून अखाद्य केलेले रेपसीड तेल तेथे पुन्हा शुद्ध करून फेरीवाल्यांमार्फत ऑलिव्ह तेल म्हणून खपविले गेले. सुमारे वीस हजार माणसे आजारी पडली आणि तीनशेहून अधिक दगावली.

एक हरकत मात्र रास्त आहे. कॅम्पेस्टेरॉलची मर्यादा चार टक्के असताना, ऑस्ट्रेलियातील काही बागांचे निर्भेळ तेल ती निसर्गतःच ओलांडते. निव्वळ आकड्यावर फैसला केला तर प्रामाणिक बागाइतदार आरोपी ठरेल. माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेने म्हणूनच ४ ते ४.५ टक्क्यांच्या दरम्यानचे तेल थेट नाकारण्याऐवजी अन्य साक्षी तपासण्याची वाट ठेवली: स्टिग्मास्टेरॉल १.४ टक्क्यांच्या आत, डेल्टा-७-स्टिग्मास्टेनॉल ०.३ टक्क्यांच्या आत आणि स्टिग्मास्टाडायीनही मर्यादेत असल्यास ते तेल अस्सल म्हणून दाखल होते.