गाणं विसरलेली पहाट

उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी या कल्पित द्वीपसमूहात तेराव्या वर्षी मुलाचं बाळपणीचं नाव काढून घेतात. तो ओढ्याच्या गार पाण्यातून चालत पलीकडे जातो, तिथे त्याला खरं नाव मिळतं. सुंदरच आहे हा विधी, पण मला अधिक भिडतो तो वर्षातल्या सर्वांत छोट्या रात्रीचा नाच. बेटोबेटी लोक रात्रभर नाचतात, भर समुद्रात तराफ्यांवर राहणारेसुद्धा. १९७२ च्या 'द फार्देस्ट शोअर' या कादंबरीत मात्र या तराफ्यांवरचे गायक पहाटेआधी एकाएकी थांबतात. गाणं आठवतच नाही! कथेचा तरुण नायक ॲरेन मग सृष्टीच्या जन्माचं गीत गातो. जगाचा तोल ढळल्याची एवढी भेदक खूण मी दुसऱ्या कुठल्या अद्भुतकथेत वाचलेली नाही.