सुट्टीतला घोडा आणि सुट्टीतला स्वार

मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलमध्ये आटोपतो. पुण्याचा हंगाम जुलैपासून. मधल्या काळात घोड्यांना आणि जॉकींना स्पर्धेतून मोकळीक मिळते. अडथळ्यांवरून उड्या किंवा ड्रेसाज खेळणाऱ्या हौशी स्वारांच्या स्पर्धा मुख्यतः हिवाळ्यात, त्यामुळे त्यांची सुट्टी पावसाळा सरेपर्यंत लांबते. मैदानात चिखल, मुलांच्या शाळा सुरू, घोडा तबेल्यात उभा. मग दसरा येतो, पहिल्या स्पर्धेची तारीख लागते आणि चार महिन्यांचे राहिलेले काम तीन आठवड्यांत उरकण्याची घाई सुरू होते. ही घाई स्वाराला महागात पडू शकते आणि घोड्याला तर त्याहून जास्त. घोड्याचे पायाचे मोठे हाड मोडले, तर बहुतेक वेळा त्याला वाचवता येत नाही.

सुट्टी नको, असा याचा अर्थ नाही. हंगामभर ताण सोसलेल्या हाडांना आणि स्नायुबंधांना विश्रांती लागतेच. पण शरीरातली प्रत्येक ऊती वेगळ्या गतीने सैल पडते आणि वेगळ्या गतीने सावरते. गोंधळ तिथे होतो.

आधी हृदयाचे पाहू. माणसाने व्यायाम थांबवला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. दर ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलते आणि तेवढ्याच कामासाठी नाडी वाढते. दोन ते चार आठवड्यांत दम लागण्यातला फरक जिना चढतानाही कळतो. घोडा याबाबतीत नशीबवान. विश्रांतीत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात आणि भरधाव धावताना ते २२० च्या पुढे जातात. शिवाय त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. धावायला लागताच प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात येतो, जणू स्वतःचेच रक्त स्वतःला चढवावे. घोड्याची दमाची ताकद माणसापेक्षा बरीच हळू उतरते. महिना-दीड महिना उभा असलेला चांगला घोडा मैदानावर नेला, तर तो खुशीत दौडतो आणि फारसा धापाही टाकत नाही. बघणारा म्हणतो, जनावर तयार आहे. तयार असते ते हृदय आणि काही अंशी स्नायू. हाडांबद्दल त्यावरून काहीच कळत नाही.

हाड ही जिवंत ऊती आहे. रोजच्या दौडीने त्यात सूक्ष्म चिरा पडतात. विश्रांती मिळाली की दुरुस्ती सुरू होते, पण तिचा क्रम विचित्र असतो. आधी खराब झालेला भाग पोखरून काढला जातो आणि नवे हाड त्या पोकळीत नंतर, सावकाश भरले जाते. पोखरणे काही आठवड्यांत होते, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा जास्त सच्छिद्र असते. म्हणजे दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर जो घोडा सर्वांत ताजातवाना दिसतो, त्याची हाडे त्या वेळी सर्वांत मजबूत असतीलच असे नाही. कॅलिफोर्नियात १९९१ ते १९९४ या काळात शर्यतीच्या घोड्यांमधील ५४ अस्थिभंगांचा अभ्यास झाला. पुढच्या पायातले खांद्याखालचे ह्यूमरस हे हाड मोडण्याचा संबंध दोन महिने किंवा त्याहून लांबलेल्या सुट्टीनंतर कामावर परतण्याशी ठळकपणे आढळला. सैन्यात भरती झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तरुणांच्या नडगीत ताणाच्या चिरा का पडतात, त्याचे उत्तरही याच वाटेवर सापडते. दम लवकर वाढतो आणि हाड मागे राहते.

स्नायुबंधांची तऱ्हा तीच, किंबहुना वाईट. रक्तपुरवठा कमी असल्याने ते हळू बळकट होतात, आणि घोड्याच्या पुढच्या पायामागचा मुख्य स्नायुबंध एकदा फाटला की वर्षभराची निश्चिंती.

मग सुट्टीत घोड्याला करायचे काय? पहिली गोष्ट, त्याला चोवीस तास तबेल्यात उभे ठेवायचे नाही. मोकळ्या कुरणात स्वतःहून हिंडणाऱ्या घोड्याची हाडे टिकून राहतात आणि कोंडलेल्या घोड्याच्या हाडांतले क्षार घटतात, हे अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी अनेक वर्षे दाखवले आहे. याच विद्यापीठातल्या एका प्रयोगात घोड्यांऐवजी वासरे घेतली होती. वासरांना आठवड्यातून फक्त एकदा ७१ मीटरची एकच धाव, अशी सहा आठवडे दिली. तेवढ्यानेही त्यांचे नळीचे हाड मोडायला लागणारे बळ वीस टक्क्यांहून अधिक वाढले. हाडाला तासन्‌तास राबवून घ्यावे लागत नाही. अधूनमधून, थोडा वेळ, पण खराखुरा भार त्याला पुरतो. मुंबईसारख्या शहरात कुरण कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. पण घोडा दिवसातून दोनदा बाहेर काढून चालवणे आणि कुंपण घातलेल्या छोट्या जागेत तासभर मोकळा सोडणे एवढे तरी बहुतेक तबेल्यांना जमू शकते. जमत नाही त्याचे कारण बहुधा जागा नसून माणसे कमी पडणे हे असते.

परतीची वाट लांब असावी. इंग्लंडात शिकारीच्या घोड्यांना उन्हाळी सुट्टीनंतर कित्येक आठवडे नुसते चालवत आणि मग दुडकीवर घेत. भरधाव दौडीची पाळी सर्वांत शेवटी. हाडांच्या सूक्ष्मरचनेबद्दल त्या साईसांना काही माहीत नव्हते, पण अनुभवाने पडलेली ही रीत आजच्या शास्त्राशी चांगली जुळते. दोन महिने उभ्या राहिलेल्या घोड्याला पहिले चार आठवडे चाल आणि दुडकीपलीकडे नेऊ नये, आणि अडथळ्यावरची पहिली उडी दुसऱ्या महिन्यात यावी. स्पर्धेच्या तारखेपासून उलटे मोजत गेले, की तयारी कधी सुरू करायला हवी होती ते कळते. पुष्कळदा ती तारीख उलटून गेलेली असते. अशा वेळी पहिली स्पर्धा सोडून देणे हाच शहाणपणा.

हे संथ आठवडे वाया जात नाहीत. कौशल्य वाढवायला याहून चांगला काळ नाही. जमिनीवर बांबू आडवे ठेवून त्यांवरून चालीत आणि दुडकीत नेले, की घोडा पाय उचलायला, पाठ वापरायला आणि अंतर मोजायला शिकतो. हाडांवर उडीचा आदळ पडत नाही. चालीतून दुडकी, दुडकीतून थांबणे, पुन्हा चाल, वर्तुळे, मागे सरणे ही कामे वेगाशिवाय होतात आणि स्पर्धेत उपयोगी पडतात ती हीच. हंगामात निकालाच्या दडपणाखाली यांना वेळ मिळत नाही.

आता स्वार. घोडेस्वारीचे कौशल्य सायकलसारखे, मेंदू ते विसरत नाही. लगाम हातात आला की हात आपोआप योग्य जागी जातात आणि त्यामुळे स्वाराला वाटते, आपण जिथे थांबलो तिथेच आहोत. पण मांड पक्की राहते ती पोटाच्या, कमरेच्या आणि मांड्यांच्या आतल्या स्नायूंवर, आणि ते स्नायू महिनाभरात सैल पडलेले असतात. वीस मिनिटांनी ते थकतात, स्वार लगामाला धरून तोल सांभाळू लागतो, घोड्याच्या तोंडाला ओढ बसते, घोडा वैतागतो. पडण्याचे प्रसंग बहुधा रपेटीच्या शेवटी का येतात, याचे हे एक साधे कारण. घोडा नसतानाही या स्नायूंची तयारी घरी होऊ शकते. एका पायावर उभे राहणे, सूर्यनमस्कार, बैठका, पालथे झोपून कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणे. यांतले काहीही महाग नाही. घोड्यावर बसायची सोय असेल, तर प्रशिक्षकाच्या हातातल्या लांब दोरावर शांत घोडा गोल फिरत असताना रिकिबी सोडून पाच-दहा मिनिटे बसावे. मांड घडवायला याहून जुना आणि खात्रीचा उपाय नाही. मात्र पाच म्हणजे पाचच मिनिटे. थकलेल्या स्वाराला त्या वेळी काही शिकता येत नाही आणि घोड्याची पाठ मात्र दुखते.

चंदीचा विषय वेगळा काढायलाच हवा. काम बंद आणि दाणा मात्र पूर्ण, असे झाले की घोड्याला जो विकार होतो त्याला इंग्रज साईस सोमवारचा आजार म्हणत, कारण रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी जोडीला जुंपलेली जनावरे थोड्याच वेळात ताठरून उभी राहत. घाम फुटतो, मागचे पाय उचलत नाहीत, लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू फुटून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात अडकते. माणसांतही हे घडते. अनेक महिन्यांनी व्यायामशाळेत जाऊन पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणारे तरुण हीच काळी लघवी घेऊन रुग्णालयात येतात आणि त्यांतल्या काहींना डायलिसिस लागते. घोड्याचा उपाय सोपा आहे. काम कमी झाले त्याच दिवशी चंदी कमी करायची, वैरण भरपूर ठेवायची, आणि काम वाढवल्यानंतरच दाणा वाढवायचा. महाराष्ट्राला दाण्या-वैरणीच्या हिशेबाची शिकवण नवी नाही. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठवलेला दाणा आणि गवत बेताने वापरा, पावसाळाभर पुरले पाहिजे, नाहीतर घोडी मरतील, अशी ताकीद त्यात आहे. मराठ्यांच्या स्वाऱ्या दसऱ्याला निघत, त्याआधीचे चार महिने घोडी जगवण्या-सांभाळण्यात जात.

स्वाराच्या ताटाबद्दलही बोलले पाहिजे, विशेषतः जॉकींच्या. सुट्टीत पाच किलो वाढतात आणि हंगाम तोंडावर आला की ते आठवड्यात उतरवायचे ठरते. मग वाफेच्या खोल्या, पाणी बंद, लघवीच्या गोळ्या. शरीरातले पाणी घटले की प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात आणि ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या जनावरावर अर्ध्या सेकंदाच्या उशिराची किंमत मोठी असते. वर्षानुवर्षे उपाशी राहण्याचा परिणाम हाडांवरही होतो. आयर्लंडमधील जॉकींच्या तपासण्यांत हाडांची घनता कमी आढळली आहे. म्हणजे पडल्यावर मोडण्याची शक्यता वाढलेली. सुट्टीत वजन आटोक्यात ठेवणे, दूध-डाळ-अंडी नियमित घेणे आणि उतरवायचेच असेल तर आठवड्याला अर्धा किलोच्या हिशेबाने उतरवणे, याला पर्याय नाही. लघवीच्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांतही निषिद्ध आहेत.

या सगळ्यात ज्याचे नाव कुणी घेत नाही तो साईस, जुन्या मराठीतला मोतद्दार. स्वार सुट्टीवर गेला तरी तो जात नाही. खरारा, पाणी, लीद काढणे आणि पहाटे घोडा चालवणे त्याच्याकडे. बसून फिरवायचा असेल तर तेही बहुधा त्याच्याकडेच, आणि अनेक ठिकाणी हेल्मेटशिवाय. सुट्टीतला घोडा अंगात जोर भरलेला असतो, एखादी पिशवी उडाली तरी उसळतो. स्पर्धेत हेल्मेटशिवाय स्वाराला मैदानात उतरू देत नाहीत. तोच नियम पहाटेच्या फेरीला का नसावा, याचे उत्तर क्लबांनी आणि मालकांनी द्यायला हवे. एक हेल्मेट घोड्याच्या काही दिवसांच्या खाण्याहून महाग नसते. जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नाही, हेही साईसाला सांगितले पाहिजे. बाहेरून अखंड दिसले तरी आतला थर दबलेला असतो. डोक्याला मार बसून क्षणभर जरी भान हरपले, डोके दुखले किंवा ओकारी आली, तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसायचे नाही आणि डॉक्टरला दाखवायचे, मग तो मालकाचा मुलगा असो की तबेल्यातला पोऱ्या.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात, आणि घोडा स्वतःही या रोगाला फार चटकन बळी पडतो. तबेल्यात काम करणाऱ्या प्रत्येकाची लस दर दहा वर्षांनी व्हायला हवी. मातीत किंवा लिदीत जखम झाली आणि आधीच्या लशीला पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. घोड्यांचे लसीकरण-पुस्तक बहुतेक तबेल्यांत नीट ठेवलेले असते. साईसांचेही तसे एक पान त्यात जोडायला पावसाळ्याचे हे दिवस पुरेसे आहेत.