हिशेब आपल्या भाषेत पाहिजे

मागच्या महिन्यात आमच्या साइटवर ओव्हरटाइमवरून वाद झाला. ऑफिसच्या कागदावर ४० तास, पोरं म्हणत होती ६० च्या वर. कागद इंग्रजीत आणि खाली सगळ्यांच्या सह्या, न वाचताच केलेल्या. एका सुतारानं मात्र रोजचे तास मराठीत वहीत लिहून ठेवले होते. त्याचेच पैसे भरून मिळाले.

यावरून मुंबईतल्या कम्युनिस्टांची सुरुवात आठवली. ऑगस्ट १९२२ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांनी ‘सोशलिस्ट’ हे साप्ताहिक काढलं. पक्षाची कानपूर परिषद व्हायची होती, ती १९२५ च्या डिसेंबरात झाली. पेपर धाडसाचा होता, पण इंग्रजी. साच्यावर उभा राहणारा कोकणी माणूस तो कसा वाचणार? १९२४ मध्ये डांग्यांना कानपूर खटल्यात चार वर्षांची शिक्षा झाली.

१९२७ मध्ये हीच मंडळी कामकरी शेतकरी पक्षात एकत्र आली आणि त्यांनी मराठीत ‘क्रांती’ साप्ताहिक सुरू केलं. मला हे वळण सगळ्यात मोठं वाटतं. तेव्हा गिरण्यांत दोनाऐवजी तीन साचे चालवा, असा रेटा होता. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे वर्षअखेरीस ५० हजारांवर सभासद झाले. हे सगळं एका पेपरामुळे झालं असं नाही. पण आपलं गाऱ्हाणं आपल्या भाषेत छापलेलं पाहिलं की माणसाला बळ येतं. सरकारनंही ताकद ओळखली आणि मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांना पकडलं.

कम्युनिस्ट व्हा असं मी सांगत नाही. इथे दुबईत युनियनही काढता येत नाही, संपही करता येत नाही. पण ते गिरणीवालेही आपल्यासारखेच गाव सोडून आलेले होते. भरतीला मुकादमाचा हात ओला करावा लागायचा, आज एजंटचा करतो. आणि मी सुपरवायझर, म्हणजे आजचा मुकादमच. त्या कागदावर माझीही सही होती, तेही न तपासता. त्याची लाज वाटते.

म्हणून सांगतो, वही ठेवा. तारीख, तास, कापलेले पैसे मराठीत लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं शेजारच्या बेडवाल्यानं लिहावं. आता मीही महिन्याचे तास सही घेण्याआधी मराठीत वाचून दाखवतो. व्हॉट्सॲपवरची अफवा दुसऱ्या दिवशी विरते, वहीतला आकडा टिकतो.